अकरावीला संमिश्र संख्या: पहिल्या तासाला सुरुवात कुठून करावी?

फळाखडू

नमस्कार मंडळी,

ज्युनियर कॉलेजात (परळ) अकरावी सायन्सला संमिश्र संख्यांचा धडा सुरू करायचा आहे. वर्गात ८० मुलं, त्यातली निम्मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. ४० मिनिटांचे पाच तास हाताशी आहेत. पावसाने एखादा बुडाला तर चारच.

दहावीच्या वर्गसमीकरणांत विवेचक ऋण आला की 'मुळे वास्तव संख्या नाहीत' असं लिहून गणित संपवायची सवय मुलांना लागलेली असते. कॅल्क्युलेटरवर √(−१) दाबलं की 'मॅथ एरर' येतं, तेही त्यांना माहीत असतं. अशा वर्गापुढे 'समजा √(−१) = आय' म्हणून सुरुवात केली की मुलं वहीत उतरवून घेतात, बेरीज-गुणाकार बरोबर करतात, पण आपण काय करतोय हे त्यांना कळत नाही. हुशार मुलं मात्र लगेच विचारतात: असं ठरवून चालतं, तर १ ÷ ० लाही एखादं अक्षर देऊन टाकू या की!

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या तासाला नेमकं काय घ्यावं? शून्याच्या प्रश्नाला खरं उत्तर काय द्यावं? आणि पेपरात मुलं हटकून कुठे चुकतात, म्हणजे तिथे आधीच थांबता येईल?

(मराठी कीबोर्ड आहे, म्हणून चिन्हाच्या जागी 'आय' आणि 'क्ष' लिहितेय.)

---

घनमूळ

मॅडम, क्ष² + १ = ० पासून सुरू करू नका. त्या समीकरणाला उत्तर नाही म्हणणारा विद्यार्थी पूर्ण बरोबर असतो. आलेख काढला तर तो क्ष-अक्षाला शिवतही नाही. मग नव्या संख्येची गरज कुणाला पडली? त्याच्या लेखी आपण उगाच खोड काढतोय.

आपल्याकडेही हेच मत होतं. महावीराचार्यांनी नवव्या शतकात आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात स्पष्ट लिहून ठेवलंय की ऋण संख्या हा कुणाचाच वर्ग नसतो, म्हणून तिला वर्गमूळ नाही. वर्गसमीकरणापुरतं पाहिलं तर त्यात काहीही चूक नाही.

अडचण घनसमीकरणात आली. फळ्यावर एवढंच लिहा:

क्ष³ = १५क्ष + ४

मुलांना पूर्णांक घालून पाहू द्या. ४ घातला की ६४ = ६० + ४. उत्तर सापडलं, तेही साधं, सगळ्यांच्या ओळखीचं. आता सोळाव्या शतकातलं इटालियन सूत्र फळ्यावर द्या, सिद्ध करत बसू नका. क्ष³ = (प × क्ष) + फ असेल तर (प आणि फ हे सहगुणक)

क्ष = ∛(फ/२ + √(फ²/४ − प³/२७)) + ∛(फ/२ − √(फ²/४ − प³/२७))

इथे प = १५, फ = ४. आतल्या मुळाखाली ४ − १२५ = −१२१ येतं. म्हणजे सूत्र म्हणतं, क्ष = ∛(२ + √(−१२१)) + ∛(२ − √(−१२१)). उत्तर ४ आहे हे डोळ्यांसमोर आहे आणि सूत्र मध्येच ऋण संख्येचं वर्गमूळ मागतंय. आता 'मुळे वास्तव नाहीत' म्हणून सुटका नाही. तिन्ही मुळं वास्तव आहेत: ४, −२ + √३ आणि −२ − √३.

बोंबेल्ली या इटालियन गणितीने १५७२ च्या पुस्तकात केलं ते असं. √(−१) ला नेहमीच्या बीजगणिताचे नियम लावायचे, फक्त त्याचा वर्ग −१ धरायचा. मुलांकडून (२ + आय)³ काढून घ्या:

(२ + आय)² = ४ + ४आय − १ = ३ + ४आय
(३ + ४आय)(२ + आय) = ६ + ३आय + ८आय − ४ = २ + ११आय

√(−१२१) म्हणजे ११आय. म्हणून पहिलं घनमूळ २ + आय, दुसरं २ − आय, बेरीज ४. आय मध्ये आला, काम केलं आणि निघून गेला.

दोन ठिकाणी सांभाळा. एक, सूत्राची सिद्धता सुरू केलीत तर ४० मिनिटं तिथेच जातात. दोन, '२ + आय हे सुचलं कसं?' असं कुणीतरी विचारणारच. तेव्हा सरळ सांगा की उत्तर ४ आहे हे आधी माहीत होतं. दोन कॉन्जुगेटची (अ + बआय आणि अ − बआय अशा जोडीची) बेरीज ४ हवी, म्हणजे रियल भाग (आय नसलेला भाग) २. मग (२ + बआय)³ चा रियल भाग ८ − ६ब² हा २ यायला हवा, म्हणून ब² = १. म्हणजे ही मूळ शोधण्याची नवी पद्धत झाली नाही. सूत्र खोटं नव्हतं एवढंच यातून दिसलं, पण पहिल्या तासाला तेवढं पुरतं.

कार्डानो या इटालियन गणितीचं १५४५ चं कोडंही गृहपाठाला देता येईल: १० चे दोन भाग असे करा की गुणाकार ४० येईल. ५ + √(−१५) आणि ५ − √(−१५). बेरीज १०, गुणाकार २५ + १५. त्याने स्वतः हे मांडलं आणि निरुपयोगी म्हणून सोडून दिलं.

---

काटकोन

घनमूळ सरांचं म्हणणं इतिहास म्हणून पटतं. पण ८० मुलांच्या वर्गात ते सूत्र पाहूनच मागचे तीन बाक झोपतील. माझं मत: पहिला तास आलेख कागदाचा. घनसमीकरण दुसऱ्या तासाला, तेव्हा मुलांना आयचा गुणाकार येत असतो आणि (२ + आय)³ पाच मिनिटांत होतं.

साहित्य: प्रत्येक बाकावर एक आलेख कागद, तेवढाच ट्रेसिंग पेपर, एक टाचणी. १ सें.मी. = १ एकक. कागद उभा धरा आणि आरंभबिंदू खालच्या कडेपासून ७ सें.मी. वर घ्या, नाहीतर शेवटच्या आकृतीला वर जागा उरत नाही.

सुरुवात संख्यारेषेवर. ३ ला −१ ने गुणलं की −३. म्हणजे बाण १८०° फिरला. पुन्हा गुणलं की परत ३. आता विचारा: कशाने दोनदा गुणलं तर एकदा −१ ने गुणल्यासारखं होईल? रेषेवर राहून असं काही सापडत नाही. रेषेबाहेर जायची मुभा दिली की कुणीतरी '९०° फिरवा' म्हणतोच. ९०° फिरवण्याच्या त्या क्रियेला आय म्हणा. दोनदा केली की १८०°, म्हणून आय × आय = −१. ही व्याख्या मुलांच्या तोंडून येते, आपण फक्त चिन्ह देतो.

आता त्रिकोण. शिरोबिंदू २ + आय, ५ + आय, ५ + ३आय. प्रत्येकाला आयने गुणा:

आय(२ + आय) = −१ + २आय
आय(५ + आय) = −१ + ५आय
आय(५ + ३आय) = −३ + ५आय

मूळ त्रिकोण ट्रेसिंग पेपरवर गिरवा, आरंभबिंदूवर टाचणी लावा, घड्याळाच्या उलट दिशेने ९०° फिरवा. तो नव्या बिंदूंवर बरोबर बसतो. गुणाकार आधी वहीत आणि फिरवणं नंतर, हा क्रम पाळा. उलट केलं तर मुलं कागदावरून उत्तर वाचतात आणि गुणाकार करतच नाहीत.

इथे तीन चुका ठरलेल्या. टाचणी त्रिकोणाच्या कोपऱ्यावर लावतात. कागद घड्याळाच्या दिशेने फिरवतात, म्हणजे −आयने गुणल्यासारखं होतं. आणि ३ + २आय हा बिंदू (२, ३) वर ठेवतात. त्रिकोण मुद्दाम असमान बाजूंचा घेतलाय. समद्विभुज किंवा चौरस घेतला तर फिरला की उलटला हे कळत नाही आणि आयने गुणणं म्हणजे आरशातलं प्रतिबिंब असा घोळ होतो. प्रतिबिंब कॉन्जुगेटने मिळतं, ते तिसऱ्या तासाला.

वेळ उरला तर त्याच त्रिकोणाला १ + आयने गुणा. १ + ३आय, ४ + ६आय, २ + ८आय मिळतात. पट्टीने मोजायला सांगा: ३ सें.मी. ची बाजू आता सुमारे ४.२ सें.मी. भरते आणि आकृती ४५° फिरलेली असते. √२ पट आणि ४५°. मॉड्युलस (आरंभबिंदूपासूनची लांबी) आणि आर्ग्युमेंट (धन क्ष-अक्षाशी होणारा कोन) हे शब्द यायच्या आधी दोन्ही गोष्टी हाताखालून गेलेल्या असतात. मग (१ + आय)⁸ तोंडी विचारा: ८ × ४५ म्हणजे पूर्ण फेरा, लांबी (√२)⁸ = १६. उत्तर १६.

हे ९०° चं प्रकरण जादू वाटू नये म्हणून एक ओळ फळ्यावर हवीच: (अ + बआय) × आय = −ब + अआय, आणि (अ, ब) बिंदू ९०° फिरवला की (−ब, अ) वर जातो. दुसरा भाग दोन एकरूप काटकोन त्रिकोणांनी दाखवता येतो, दहावीची भूमिती पुरते.

---

शून्यवादी

फक्त दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

१ ÷ ० = क असं ठरवून पाहा. मग ० × क = १. आता ० + ० = ०, म्हणून (० + ०) × क हेही १. पण कंस सोडवला तर १ + १ = २. म्हणजे १ = २. वितरणाचा नियम मोडल्याशिवाय क ठेवता येत नाही, आणि तो मोडला तर बीजगणितात काही उरत नाही.

आयचं तसं होत नाही. संमिश्र संख्या म्हणजे (अ, ब) अशी जोडी, बेरीज घटकवार, आणि गुणाकार (अ, ब)(क, ड) = (अक − बड, अड + बक). क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण, शून्येतर संख्येने भागाकार, हे सगळं या जोड्यांसाठी तपासता येतं आणि सगळं टिकतं. (०, १) चा वर्ग (−१, ०) येतो. गृहीत काहीच धरलं नाही.

किंमत एकाच ठिकाणी मोजावी लागते: लहान-मोठेपणा जातो. आय > ० मानलं तर दोन्ही बाजूंना आयने गुणून −१ > ०. आय < ० मानलं तर −आय > ०, त्याचा वर्ग पुन्हा −१ > ०. म्हणून '३ + २आय मोठी की २ + ३आय?' हा प्रश्नच चुकीचा. मॉड्युलसची तुलना होते, संख्यांची होत नाही.

मुलांना सांगताना एवढंच: नवीन चिन्ह आणायला कुणाची ना नाही, जुने नियम सांभाळून आणता आलं पाहिजे.

---

फळाखडू

तिघांचेही आभार. जोड्यांचा गुणाकार मी शेवटच्या तासाला ठेवीन, पहिल्या आठवड्यात तो जड जाईल.

काटकोन ताई, प्रतलाची ओळख करून द्यायला पश्चिम रेल्वे वापरावी असं डोक्यात आहे: दादर शून्य, चर्चगेटकडे धन, विरारकडे ऋण, आणि आय म्हणजे रुळाला काटकोनात उतरून चालू लागणं. चालेल का?

---

काटकोन

पत्ता सांगण्यापुरतं चालेल, दोन मिनिटं. गुणाकार आला की सोडून द्या. बोरिवली गुणिले वांद्रे याला काही अर्थ नाही, आणि मुख्य मुद्दा गुणाकाराचा आहे. शिवाय स्टेशनं एकामागोमाग असतात, त्यातून 'पुढची संख्या, मागची संख्या' हे डोक्यात बसतं आणि वर शून्यवादींनी सांगितलेल्या तुलनेच्या चुकीला आमंत्रण मिळतं.

---

लाल_पेन

तिसरा प्रश्न. उत्तरपत्रिकांत हटकून दिसणाऱ्या चुका, जशा आठवतील तशा.

सगळ्यात जास्त गुण √(−४) × √(−९) वर जातात. मुलं √३६ = ६ लिहितात. बरोबर उत्तर २आय × ३आय = −६. √अ × √ब = √(अब) हा नियम दोन्ही संख्या ऋण असताना लागू नाही, कारण √ हे चिन्ह दोन मुळांपैकी एकच ठरलेलं मूळ दाखवतं आणि दोन ऋण संख्यांच्या बाबतीत ती निवड जुळत नाही. नियम झुगारला तर १ = √१ = √((−१)(−१)) = आय × आय = −१ निघतं. ही 'सिद्धता' फळ्यावर लिहा आणि चूक कोणत्या बरोबरच्या चिन्हापाशी आहे ते वर्गाला शोधू द्या. सवय एकच लावायची: मुळाखाली ऋण दिसलं की आधी आय बाहेर काढा, मग गुणाकार.

३ − ५आयचा इमॅजिनरी भाग −५, '−५आय' नाही. एका गुणाचा प्रश्न, फुकट जातो.

घातांक: ४ ने भागून बाकी पाहायची. आयचा २०२६वा घात, २०२६ = ४ × ५०६ + २, म्हणून −१. ऋण घातांकाला मुलं अडतात. १/आय = −आय हे एकदा करून घ्या, पुढे अडत नाहीत.

संमिश्र संख्येचं वर्गमूळ: √(−५ + १२आय) = अ + बआय धरून अ² − ब² = −५ आणि २अब = १२. यात तिसरं समीकरण जोडा, अ² + ब² = १३ (दोन्ही बाजूंचा मॉड्युलस). अ² = ४, ब² = ९ चटकन मिळतात. चूक पुढे होते: अ = ±२, ब = ±३ लिहून मुलं चार उत्तरं देतात. अब = ६ धन आहे, म्हणून चिन्हं सारखी, उत्तरं दोनच: २ + ३आय आणि −२ − ३आय. १२आयच्या जागी −१२आय असेल तर चिन्हं विरुद्ध.

आर्ग्युमेंट हा तर गुणांचा खड्डा आहे. −१ − √३आय साठी टॅन इन्व्हर्स √३ = ६०° लिहून मोकळे होतात. बिंदू तिसऱ्या चरणात आहे, कोन २४०°. क्रम असा पाडा: आधी कच्ची आकृती, मग चरण, मग चिन्हं सोडून |ब/अ| वरून लघुकोन, शेवटी चरणाप्रमाणे १८०° − , १८०° + किंवा ३६०° − . −२आय सारख्या संख्येला अ = ० असतो, तिथे भागाकारच होत नाही. आकृती पाहून २७०° लिहायचं. काही पुस्तकं मुख्य कोन ० ते ३६०° मध्ये घेतात, काही −१८०° ते १८०° मध्ये. त्यामुळे २४०° आणि −१२०° दोन्ही उत्तरं दिसतात आणि सीईटी-जेईई एकत्र करणारी मुलं गोंधळतात. पहिल्याच दिवशी वर्गाची पद्धत ठरवा आणि दुसरीही असते हे सांगून ठेवा.

आणि 'मुळं कॉन्जुगेट जोडीने येतात' हे सहगुणक वास्तव असतील तरच. क्ष² − (१ + आय)क्ष + आय = ० ची मुळं १ आणि आय. जोडी नाही.

---

उलटा_आलेख

वर म्हटलंय की आलेख क्ष-अक्षाला शिवत नाही, म्हणून संमिश्र मुळं आलेखात दिसत नाहीत असा समज होईल. दिसतात. क्ष² − ४क्ष + १३ चा शिरोबिंदू (२, ९). तिथूनच परवलय उलटा करा, म्हणजे ९ − (क्ष − २)². हा उलटा आलेख अक्षाला −१ आणि ५ वर छेदतो, शिरोबिंदूच्या क्ष-निर्देशकापासून दोन्हीकडे ३ अंतरावर. मूळ समीकरणाची मुळं २ + ३आय आणि २ − ३आय. तेच २, तेच ३. काढायला सात-आठ मिनिटं लागतात आणि दहावीचा विवेचक इथे नीट जोडला जातो.

---

पन्नास_हर्ट्झ

'याचा उपयोग काय' हा प्रश्न येणारच, म्हणून इलेक्ट्रिकलकडून एक तयार गणित. घरातला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी. त्यावर ३० ओहमचा रोध आणि सुमारे ०.१२७ हेन्रीची कॉइल एकसरीत. कॉइलचा ५० हर्ट्झला अडथळा २ × ३.१४ × ५० × ०.१२७, म्हणजे जवळपास ४० ओहम.

मुलं ३० + ४० = ७० करतात आणि प्रवाह ३.३ अँपिअर काढतात. प्रत्यक्षात ४.६ अँपिअर वाहतो, कारण एकूण अडथळा ३० + ४०आय, मॉड्युलस ५०, आणि २३० ÷ ५० = ४.६. रोधावर १३८ व्होल्ट, कॉइलवर १८४ व्होल्ट. साधी बेरीज ३२२, सप्लाय मात्र २३०! वर्गांची बेरीज करा: १९०४४ + ३३८५६ = ५२९००, म्हणजे २३० चा वर्ग. कॉइलचा व्होल्टेज रोधाच्या व्होल्टेजच्या ९०° पुढे असतो आणि ते ९०° दाखवायचं काम आय करतो. प्रवाह सप्लायच्या ५३° मागे, म्हणजेच ३० + ४०आयचं आर्ग्युमेंट.

आमच्याकडे आय हे अक्षर प्रवाहाला गेलेलं असल्यामुळे तिथे 'जे' लिहितात. बारावीच्या फिजिक्सला हेच सर्किट फेझर म्हणून येतं, तेव्हा आठवण करून द्या.

आकडे फळ्यावरच ठेवा. मेनच्या २३० व्होल्टवर वर्गात प्रयोग नको. दाखवायचंच असेल तर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वापरा, आणि खऱ्या कॉइलच्या तारेचाही थोडा रोध असतो, म्हणून आकडे तंतोतंत जुळणार नाहीत हे आधी सांगा.

---

फळाखडू

मग असं करते: पहिला तास ट्रेसिंग पेपर, दुसऱ्यात १५क्ष + ४ आणि मुळाखालच्या ऋण चिन्हाचा सापळा, तिसऱ्यात कॉन्जुगेट, भागाकार आणि उलटा परवलय, चौथ्यात मॉड्युलस-आर्ग्युमेंट आणि सर्किट, पाचवा मिळाला तर वर्गमूळ आणि जोड्या. एक शेवटचं: कॅल्क्युलेटर किंवा मोबाईल वर्गात वापरू द्यावा का?

---

लाल_पेन

पाचवा तास बुडण्याची शक्यता असेल तर वर्गमूळ चौथ्यात घ्या आणि सर्किट पाचव्यात ढकला, पेपरात वर्गमूळ येतं.

कॅल्क्युलेटर पडताळ्यापुरता. कॅसिओच्या एफएक्स-९९१ मध्ये सीएमपीएलएक्स (संमिश्र संख्यांचा) मोड आहे, एफएक्स-८२ मध्ये नाही. बऱ्याच मुलांकडे ८२ च असतो, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका. ९९१ असला तरी मोड बदलल्याशिवाय √(−१) ला मॅथ एररच येतं, आणि कोन अंशात आहे की रेडियनमध्ये ते वर पाहून घ्यायचं. बोर्डाच्या किंवा सीईटीच्या हॉलमध्ये तो चालत नाही.

मोबाईलवर जिओजेब्रा हे आलेख काढायचं ॲप फुकट आहे. ३ + २आय टाइप केलं की प्रतलावर बिंदू येतो, त्याला आयने गुणलं की फिरलेला बिंदू दिसतो. पण तो ट्रेसिंग पेपरच्या नंतर, घरी.